उतरल्यावर नमस्कार

बंडीत बसायला जागा नसायची, म्हणून मी उभी राहायची. आमचा मळा अकोल्याच्या बाहेर, मोर्णा नदीच्या काठाला. शेवंती, झेंडू, गलांडा, आणि पाटाच्या कडेनं वांगी-मिरची. उजाडलं की बाबा फुलांच्या टोपल्या बैलगाडीत एकावर एक रचायचे, वर ओलं फडकं टाकायचे आणि मला म्हणायचे, ‘चढ वं, टोपल्या पाह्यजो.’ टोपल्या पाहायच्या म्हणजे वरच्या टोपलीवर हात ठेवून मागं उभं राहायचं. खाली टेकायला टीचभर जागा नाही, धरायला काही नाही. रस्ता तरी कसला, काळ्या मातीतल्या चाकोऱ्या. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वाळून टणक झालेली ढेकळं. चाक ढेकळावर चढलं की गुडघा वाकवायचा, उतरलं की हळूच सोडायचा. कमरेच्या वरचं अंग हलू द्यायचं नाही, नाहीतर शेवंती रस्त्यावर आणि बाबांचा हात पाठीवर. हे मला कोणी शिकवलं नाही, पडून पडून आलं. माझा मोठा भाऊ दिनू, म्हणजे दादा, त्या वेळी घरात घोरत असायचा. तो आखाड्यात जायचा, आणि पैलवानाची झोप मोडू नये असं मायचं मत होतं. माझी मोडली तरी चालत होती.

हे आज सांगत बसले ते तन्वीमुळे. तन्वी म्हणजे दादाची नात. अमरावतीला माझ्याकडं राहून कॉलेज करते. सकाळी बायपासवर चाकांचे बूट घालून पळते, संध्याकाळी जिम्नॅस्टिकच्या हॉलमध्ये फोमच्या खड्ड्यात उलट्या उड्या मारते. तिला स्की करायची आहे. साधी नाही, फ्रीस्टाईल, हवेत गिरक्या घेऊन बर्फावर उतरायचं. आणि ते जमलं की मोठे पहाड, जिथं आखलेली वाट नाही, झेंडे नाहीत, अशा उतारावरून खाली. अमरावतीत राहून, जिथं एप्रिलमध्ये नळाच्या पाण्यानं हात भाजतो! तिच्या मैत्रिणीही येतात आणि मोबाईल माझ्या तोंडापुढं धरतात. ‘आत्याआजी, टिप्स सांग न.’ मी जन्मभर शाळेत पीटी शिकवली. रांगा लावून लावून घसा बसला, गुडघ्यांनी कधीचाच राजीनामा दिला. आता कोणाला काही शिकवायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. तरी सांगते. गुडघा कायम वाकलेला ठेव. पाय जुळवू नको. ज्या उतारावरून खाली यायचं तो आधी पायी चढून बघ, दगड कुठं आहे आणि बर्फ पोकळ कुठं आहे ते चढतानाच कळतं. पडायचंच झालं तर कुशीवर पड, हात मागं टेकवू नको. दमल्यावर ‘आता शेवटची एकच’ म्हणून वर जाऊ नको, माणसं त्या शेवटच्या चकरेतच मोडतात. तन्वी सगळं रेकॉर्ड करते आणि विचारते, ‘तुले कसं माहीत वं हे सारं?’ मी म्हणते, ‘भाजी करपून राहिली,’ आणि उठते.

भाजी करपत नव्हती. सांगायचा कंटाळा होता, दुसरं काही नाही. पण आता लिहायलाच बसले आहे तर लिहून टाकते.

आमचं घर मळ्यातच होतं, मातीच्या भिंती आणि वर टिनं. ऊन चढलं की टिनं कडकड वाजायची, आणि दिवसभर मागं विहिरीवरच्या इंजिनाचं टुक टुक टुक. ते इंजिन बंद पडलं की घरातले सगळे एकदम मोठ्यानं बोलत असल्यासारखे वाटायचे. माय दुपारभर फुलं निवडायची आणि संध्याकाळी चुलीपुढं बसायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि दादाचा आखाड्यात काही पराक्रम झाला असला तर कढी-गोळे. माझ्या पराक्रमाला वेगळं काही शिजत नसे. मी तक्रार करते आहे असं नाही, गोळे मीही खाल्लेच. पण बघा, इतकी वर्षं झाली तरी कोणत्या दिवशी कोणासाठी काय शिजलं ते ध्यानात राहतं.

आखाडा जुन्या शहरात होता. तिथल्या गुरूंना सगळे वस्ताद म्हणत, त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. पोरांसाठी लाकडी मल्लखांब, एरंडीचं तेल पिऊन काळाभोर झालेला. पोरींसाठी कडुनिंबाच्या फांदीला टांगलेला दोर. खांबावर चढण्याआधी मातीला हात लावून कपाळाला लावायचा, हे तर सगळीकडंच असतं. पण वस्तादांचा खरा कटाक्ष उतरण्यावर होता. खांबावरून उडी मारली की पाय जुळलेले पाहिजेत, अंग ताठ पाहिजे, आणि त्याच क्षणी हात जोडून खांबाला नमस्कार. पाऊल तसूभर सरकलं की पुन्हा वर. ‘नमस्कार झाल्याबिगर उडी झाली नाही समजा रे पोट्टेहो,’ असं ते म्हणायचे. दादाचा नमस्कार पाहायला लोक थांबत. वरून गिरकी घेऊन यायचा, धप्प करून मातीत उभा, आणि हात जोडलेले. त्याच्या पायांखालची माती जराही उधळायची नाही. आम्ही पोरी दोरावरून हळूहळू उतरायचो, अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरून. आमच्या नमस्काराकडं कोणी फारसं पाहत नसे.

वस्तादांचा एक जुना चेला फौजेत होता. तो सुटीवर आला आणि म्हणाला, तिकडं पहाडात बर्फावर घसरायला शिकवतात, लवचिक अंगाची पोरं पाहिजेत, पोरीही चालतात. वस्ताद एका दुपारी आमच्या अंगणात येऊन बसले. दादाचं नाव तर आलंच, पण त्यांनी माझंही नाव घेतलं. मी दाराआड उभी होते. माय म्हणाली, ‘पोट्टीची जात. एवढ्या दूर कावून धाडू तिले? उद्या हातपाय मोडला तर बायको करन कोन तिले?’ वस्ताद म्हणाले, ‘वहिनी, दिनू हाय ना संगं. दिनू जिथं, तिथं हे.’ बाबांनी तंबाखू मळता मळता एवढंच विचारलं, ‘अन् दिनू वापस आला त?’ ‘त हे बी वापस.’ झालं. माझं जाणं असं ठरलं, दादाच्या जाण्याला बांधून. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, खटकायला सवडच नव्हती. मी आनंदानं रात्रभर कूस बदलत होते.

छोट्या लाईनच्या गाडीनं खंडव्याला, तिथून मोठ्या गाडीनं दिल्लीला, आणि मग बसनं वर वर वर. मायनं दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली होती, आणि दादाला वेगळी एरंडीच्या तेलाची बाटली, ती माझ्या पिशवीत फुटली. त्यामुळं पूर्ण मुक्कामभर माझ्या कपड्यांना आखाड्याचा वास होता. बर्फ तोपर्यंत आम्ही पाहिला होता तो लग्नातल्या सरबताच्या पिंपात, भुश्यात गुंडाळून आणलेली लादी. इथं तो सगळीकडं होता, झाडांवर, छपरांवर, आणि आवाज म्हणून कशाचा नाही. घरचं इंजिन बंद पडल्यावर वाटायचं तसं मला तिथं दिवसभर वाटत राहिलं. दादानं उतरल्या उतरल्या बर्फाला हात लावून तो कपाळाला लावला. ‘माती त नाही बापा, पन आता हेच,’ म्हणाला. आम्ही दोघं हसलो. तो दादा मला फार आवडायचा, हे इथं लिहून ठेवते.

शिकवणारे ठाकूर सर पहाडातलेच होते, बोलायला कमी. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला लाकडी पट्ट्या बांधून सपाटीवर नुसतं चालायला लावलं. दुसऱ्या दिवशी एका खाचखळग्यांच्या उतारावरून सोडलं. बाकीचे धडाधड पडत होते. मी पडले नाही. खड्डा आला की गुडघा वाकायचा, उंचवटा गेला की सुटायचा, आणि हात आपोआप पुढं, टोपलीवर ठेवल्यासारखे. सरांनी विचारलं, ‘पहले कहाँ सीखा?’ मी म्हटलं, ‘कहीं नहीं सर. बैलगाडी.’ त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग मी बंडीचं, ढेकळांचं, शेवंतीचं सगळं सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘तो समझ लो, आज भी फूल रखे हैं।’ त्या दिवसापासून मी प्रत्येक उतारावर फुलं घेऊन उतरले. एकही सांडलं नाही. एवढं खरं कौतुक मला आधी कोणी केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं कोणी केलं नाही.

मुक्काम संपत आला तसे सरांनी पुढच्या शिक्षणासाठी थोडे जण निवडले. त्यांना वर न्यायचं होतं, मोठ्या पहाडावर, जिथं आधी कोणाची रेघ उमटलेली नसते. महिनाभर तिथं राहायचं, आणि जमलं तर पुढंही सर पाहणार होते. त्यांनी माझं नाव घेतलं. दादाचं घेतलं नाही. मी दादाकडं पाहिलं तर तो हसला, ‘वा वं पोट्टी!’ म्हणाला, पण जेवताना राजमा-भात तसाच ठेवला. त्याला लागलं होतं. लागणारच. पंचक्रोशीत ज्याचा नमस्कार पाहायला लोक थांबत, त्याला इथं कोणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उडीचा दिवस होता. बर्फ फावड्यानं ओढून छोटासा उंचवटा केला होता, त्यावरून सुटायचं, हवेत जायचं आणि पुढच्या उतारावर उतरून तसंच खाली वाहत जायचं. सर पुन्हा पुन्हा सांगत होते, उतरल्यावर थांबायचं नाही, गुडघे मोकळे, पाय अंतरावर. दादानं मान हलवली. तो आला तो सगळ्यांपेक्षा वेगानं आला आणि सगळ्यांपेक्षा उंच गेला. खाली उभी असलेली पोरं ‘ओहो’ म्हणाली. हवेत त्यानं अंग असं सुंदर वळवलं की मला आमचा आखाडाच दिसला. आणि मग तो उतरला, आणि मला पुढचं दिसायच्या आधीच कळलं. त्यानं पाय जुळवले. अंग ताठ केलं. मनगटाला काठ्या लोंबत होत्या, तसेच हात जोडले. पट्ट्या एकमेकींवर चढल्या, आणि खालचा उतार काही थांबला नाही. गुडघा वळताना आवाज आला, तो मी वरून ऐकला.

त्यात दादाची चूक काय होती? काहीच नाही. इतकी वर्षं अंगात मुरलेलं अंगानं केलं. वस्तादांनी त्याला जगातली सगळ्यात चांगली उडी शिकवली होती, फक्त ती मातीवरची होती. म्हणून मी तन्वीला फोमच्या खड्ड्याबद्दल बजावते, आणि ती तोंड वाकडं करते. खड्डा चांगलाच आहे, पण तो तुला उतरल्यावर लोळत पडून राहायची सवय लावतो. तीन उड्या खड्ड्यात मारल्या तर एक उतारावर मार, आणि उतरल्यावर पळत सुट. अंगाला एकदा चुकीचं शहाणपण चिकटलं की ते डोक्याचं ऐकत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याचा पाय फळीला बांधून ठेवला होता. सर आले, मला बाजूला घेऊन म्हणाले, खाली जाणाऱ्या पोरांबरोबर तुझ्या भावाला नीट पोचवतो, तू थांब, वर पोरींची सोय आहे. फक्त भावानं हो म्हणायला पाहिजे. मी खाटेपाशी गेले. मला वर जायचं होतं. इतकं जायचं होतं की दादाच्या पायाकडं पाहतानाही मला खिडकीतून तो पहाडच दिसत होता. मी सगळं सांगितलं. दादानं माझी बाही धरली. एवढा मोठा गडी, त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, ‘कुमुद, मले घरी ने. माह्यानं एकट्यानं मायसमोर जाणं होत नाही.’ मी म्हटलं, ‘दादा, पोट्टे हायेत ना संगं.’ त्यानं बाही सोडली नाही. मग मी बाहेर जाऊन सरांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. नुसतं म्हणाले, ‘फूल सँभाल के ले जाना।’

घरी आल्यावर मायनं दादाला पोटाशी धरलं आणि रडून घर डोक्यावर घेतलं. वस्ताद आले, पाय पाहिला, आणि विचारलं, ‘उतरल्यावर नमस्कार केला काय रे?’ दादानं मान हलवली. वस्ताद तिथंच ओट्यावर मटकन बसले. त्यानंतर स्वतःचे हातपाय थकेपर्यंत ते रोज सकाळी यायचे आणि दादाच्या पायाला तेल चोळायचे. पाय काही पुरता वाकला नाही. दादा खांबावर पुन्हा चढला नाही, पुढं फुलांची आडत सांभाळली, लग्न झालं, पोरं झाली. सगळ्या गावानं त्याच्या पायाची विचारपूस केली. माझे दोन्ही पाय धडधाकट होते, म्हणून मला कोणी काही विचारलं नाही.

मला दादाचा राग होता. तो मी कधी बोलून दाखवला नाही, पण होता, आणि राग धरून ठेवायलाही ताकद लागते हो. राखी बांधताना होता, त्याच्या लग्नात नाचताना होता, शाळेच्या मैदानावर उन्हात शिट्टी फुंकताना तर रोजच होता. मग मी थकले. राग गेला नाही, मीच त्याच्याकडं बघायचं सोडून दिलं. दादानं तो विषय कधी काढला नाही. मला वाटायचं, विसरला असेल. पुरुषांना विसरायला बरं जमतं.

परवा तन्वीला पहाडाकडं निघायचं होतं. पाया पडायला म्हणून आम्ही दोघी अकोल्याला दादाकडं गेलो. मळा आता राहिला नाही, तिथं घरं झाली. दादा ओसरीत खुर्चीवर, ताठ पाय स्टुलावर टाकून, झेंडूच्या माळा ओवत बसला होता, हाताला चाळा म्हणून. दादा आणि मी एकदा पहाडात गेलो होतो, एवढंच मी तन्वीला वाटेत सांगितलं होतं. तिनं त्याच्याही तोंडापुढं मोबाईल धरला. ‘आबा, तुमी बी सांगा न काही. आत्याआजीनं लय सांगितलं.’ दादा म्हणाला, ‘म्या काय सांगू बाई, म्या त पडलो.’ ‘मंग पडल्याचंच सांगा.’ तो बराच वेळ सुई-दोऱ्याशी झटत राहिला. मी आत चहा टाकायला उठणार होते.

‘हे पाह्य,’ तो म्हणाला, आणि मान खालीच. ‘तुह्यासंगचं कोनी पडलं, त त्याले पाहाले तिथले लोक असतात. तू त्याच्यापायी खाली येऊ नको. थो रडला तरी येऊ नको. त्यानं तुही बाही धरली, त सोडवून घेजो, अन् वर जाजो.’

तन्वीला काही कळलं नाही. ती हसली, ‘असं कोन धरते आबा बाही?’ दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. त्याचे हात मात्र थांबले होते, माळ गुडघ्यावर तशीच पडली होती. मी चहाला उठले नाही.

मग तन्वी माझ्याकडं वळली. ‘आत्याआजी, तू बी गेली होती न तिथं? किती वर गेली होती वं तू?’

‘मी वर गेलेच नाही, पोरी,’ मी म्हणाले.

दादानं माळ उचलली. ‘गेली असती थे,’ म्हणाला.